अकरा वाजता, पाच चादरी

त्याला सगळे बगळा म्हणत, आणि त्याला त्याचं काही वाटत नसे. खरं नाव पगाराच्या पाकिटावर होतं आणि सासूबाईंच्या तोंडात होतं, बाकी कुठे नाही. अंगाने उंच आणि किडकिडीत, विजार गुडघ्यापर्यंत दुमडलेली, मान किंचित पुढे, आणि एका पायावर भार टाकून तास न् तास उभं राहायची सवय. एवढं असताना दुसरं नाव शोधायचे कष्ट कोण घेणार?

काम त्याचं असं. समुद्राकाठच्या रिसॉर्टची एक लांबट, चपटी होडी. तिच्या मागच्या टोकाला मोटारीच्या वर चार पायांचं छोटंसं मचाण, आणि मचाणावर हातात लांबलचक बांबू घेऊन हा. मोटार बंद करून उथळ पाण्यात शिरायचं, बांबू तळाला टेकवून होडी अलगद रेटायची आणि पाण्याकडे बघत राहायचं. होडीच्या पुढच्या टोकाला पाहुणा गळाची काठी घेऊन उभा. मासा शोधायचा बगळ्याने, पकडायचा पाहुण्याने.

हा मासा पाहुण्यांच्या भाषेत बोनफिश. गावात त्याला काटेरी म्हणत, कारण खायला घ्यावा तर जेवणापेक्षा काटे काढण्यातच जीव जायचा. अंगावर आरशासारखे खवले, त्यामुळे वाळूवर आला की वाळूचा आणि गवतावर आला की गवताचा होतो. भरतीबरोबर गुडघाभर पाण्यात चरायला येतो आणि जरा कुठे खुट्ट झालं की असा पळतो की मागे नुसता गढूळ धूर राहतो. लोक वर्षभर राबून, रजा साठवून, तोंडाला पांढरं मलम फासून इथे यायचे ते या माशासाठी. आमिषसुद्धा खरं नाही. आकड्यावर दोऱ्याने आणि पिसांनी बांधलेली नखाएवढी खोटी कोळंबी, तिला म्हणायचं माशी. ती काठीच्या हिसक्याने लांबवर टाकायची, मासा फसवायचा, पकडायचा, फोटो काढायचा आणि परत पाण्यात सोडून द्यायचा.

"सोडायचाच आहे तर पकडायचा कशाला?" बगळ्याची बायको विचारायची.

"आनंद असतो त्यात."

"मग फोटोच बघायचा घरी बसून. उन्हात करपायचं कशाला?"

ती त्याच रिसॉर्टच्या धुलाईघरात होती. तिच्या हाताखालून रोज चादरींचे ढीग जायचे, त्यामुळे पाहुण्यांच्या आनंदाबद्दल तिची मतं जरा कडक होती.

मासा दाखवायची पद्धत घड्याळाची. होडीचं टोक म्हणजे बारा. बगळा मचाणावरून खालच्या आवाजात म्हणायचा, "अकरा वाजता, चाळीस फूट, डावीकडे चाललाय," आणि पाहुण्याने त्या दिशेला, तेवढ्या लांब, माशाच्या थोडी पुढे माशी टाकायची. मग बगळ्याचं पुढचं, "ओढा... ओढा... थांबा." त्या वेळी त्याचा आवाज लहान मुलाला झोपवणाऱ्या बाईसारखा व्हायचा. एरवी तो बोलायचाच नाही. संध्याकाळी घरी आला की बायको विचारायची, "आज काय पाहिलंत?" आणि हा म्हणायचा, "पाणी." लग्न झाल्यापासून हेच उत्तर. दिवसभर डोळ्यांनी इतकं राबल्यावर घरी येऊन तोंडाने पुन्हा राबायचं त्याच्या जिवावर यायचं. तीही मग विषय सोडून द्यायची.

तर अशा माणसाची नजर जायला लागली.

आधी त्याला वाटलं, उन्हाच्या चष्म्याची काच मळली आहे. शर्टाच्या टोकाने पुसून पुसून त्याने काचेवर ओरखडे पाडले. मग वाटलं, यंदा पाणीच गढूळ आहे. मग एके दिवशी धक्क्यावरचा दोर धरायला गेला तर दोनदा मुठीत नुसती हवाच आली, आणि त्याला काय समजायचं ते समजलं. त्याच्या वडिलांची नजर याच वयात गेली होती. उरलेलं आयुष्य ते दाराशी खुर्ची टाकून बसले आणि पावलांच्या आवाजावरून माणसं ओळखत राहिले. बाकी काही दिसो न दिसो, ती खुर्ची बगळ्याला स्वच्छ दिसत होती. डॉक्टरकडे तो गेला नाही. डॉक्टरने सांगितलं की ते खरं होणार, अशी त्याची समजूत. बोलला कुणाजवळच नाही, कारण न दिसणाऱ्या माणसाला मचाणावर कोण उभं करील?

तरी बरेच दिवस निभावलं. भरती कुठून चढते, मासे कुठल्या खाचेतून आत येतात, हे त्याला पायांनी ठाऊक होतं. तो होडी बरोबर जागी नेऊन उभी करायचा आणि तरण्या पाहुण्यांना आपले आपणच मासे दिसायचे. हा मागून नुसतं "हो, तोच, टाका," म्हणायचा.

आणि अगदीच अडलं तर खोटा मासा होता. या धंद्यात तो सगळेच वापरतात. दुपार सुनी जात असेल, पाहुणा पेंगायला लागला असेल, तर मचाणावरून हळूच म्हणायचं, "दोन वाजता, पन्नास फूट! ...अरेरे, बुजला." पाहुणा खडबडून जागा होतो, दिवसाला जरा जान येते, कुणाचं काही बिघडत नाही. पण हे भाजीतल्या मिठाएवढंच करायचं असतं. बगळ्याने पुढे मिठाचीच भाजी केली.

ती केली घड्याळजीच्या वाट्याला.

घड्याळजी हा दरवर्षी आठवडाभर येणारा म्हातारा. जन्मभर घड्याळं दुरुस्त केलेली, आता दुकान बंद करून घरी बसलेला. बुटका, नीटनेटका, शर्टाच्या खिशात घडी घातलेला रुमाल. रिसॉर्टच्या जेवणघरातलं भिंतीवरचं घड्याळ कायम मागे पडायचं, ते तो आल्या आल्या खाली काढायला लावायचा आणि बसल्या बैठकीला ताळ्यावर आणायचा. होडी त्याला बगळ्याचीच लागायची. "अकरा वाजता" म्हटलं की त्याची माशी काटा फिरावा तशी अकरावर जायची. घड्याळाचं तोंड त्याला स्वतःच्या तोंडापेक्षा जास्त पाठ होतं. बगळ्याला मनापासून आवडणारा हा एकच पाहुणा, आणि बगळ्याला तो 'बगळेबुवा' म्हणायचा.

यंदा पहिल्याच सकाळी बगळ्याला गवताच्या सावलीचा मासा वाटला. "दहा वाजता, चाळीस फूट!"

"दिसला, दिसला!" म्हाताऱ्याने माशी टाकली. नेमकी दहावर, नेमकी चाळीस फुटांवर. काही झालं नाही.

सावली आहे हे बगळ्याच्या लक्षात आलं होतं. पण पाहुण्यालाही दिसला म्हटल्यावर त्याला वाटलं, असेल बुवा, आपणच चुकत असू. मग पुढचा मासा त्याने निम्मा अंदाजाने सांगितला, त्याच्या पुढचा पुरता अंदाजाने. दर वेळी म्हातारा "दिसला!" म्हणायचा, आणि दर वेळी बगळ्याचा जीव भांड्यात पडायचा. शेवटी शेवटी तर त्याने आख्खा थवा उभा केला. "हळू, हळू, वीसेक आहेत, तोंड आपल्याकडेच आहे..." म्हातारा घामाघूम होऊन माशीवर माशी टाकत राहिला. आठवडा संपत आला तरी आकड्याला गवताच्या काडीशिवाय काही लागलं नव्हतं.

निघायच्या आदल्या संध्याकाळी घड्याळजीने त्याला खोलीसमोरच्या ओसरीवर बोलावलं.

"बसा, बगळेबुवा."

"उभाच बरा आहे."

"ते मला माहीत आहे. बरं, ही घ्या." त्याने पिशवीत घातलेली काठी पुढे केली.

"काही मोडलंय का?"

"काठी ठणठणीत आहे. तुम्हालाच दिली. तुम्ही मला यंदा दाखवलेत तेवढे मासे इथे कधी नव्हते. आणि माझ्या हाताला एक लागला नाही. दुकान बंद केलं तेव्हा मुलाला ऐटीत म्हटलं होतं, दुकान गेलं तरी हात शाबूत आहे. आता तेही म्हणायची सोय राहिली नाही." तो हसला, पण त्यात काही राम नव्हता. "उद्या सकाळी मी येत नाही. दुपारी निघतोच आहे."

खरं काय ते बगळ्याच्या ओठांवर आलं होतं. पण पलीकडेच मॅनेजर दिव्यांची बटणं लावत फिरत होता, आणि ओठांवर आलेलं त्याने गिळून टाकलं. तेवढ्यात मॅनेजरने म्हाताऱ्याला विचारलं, "काय हो, यंदा आमच्या घड्याळाला हात नाही लावलात?"

"बघू पुढच्या वर्षी," घड्याळजी म्हणाला, आणि उजवा हात त्याने डाव्या हाताखाली झाकून घेतला.

काठी घेऊन बगळा घरी आला तेव्हा बायको कणीक मळत होती. त्याने काठी भिंतीला टेकवली, ती घसरली, पुन्हा टेकवली.

"हे काय आणलंत?"

"म्हाताऱ्याने दिली. हात गेला म्हणतो आपला."

"गेला का?"

"हात कुठला जायला? मीच..." आणि मग लग्न झाल्यापासून पहिल्यांदा तो एका दमात एवढं बोलला. सावली, थवा, खुर्ची, सगळं.

ती मळत राहिली. त्याचं संपल्यावर म्हणाली, "मला माहीत आहे."

"काय माहीत आहे?"

"दिसत नाही ते. पायऱ्यांच्या कडेला मी पांढरा रंग मारला तो काय शोभेला? चप्पल रोज त्याच फरशीवर ठेवते, ती काय उगाच?"

बगळा पायरीकडे बघत राहिला. तो पांढरा पट्टा त्याला दिसत होता, तेवढ्यासाठीच तो होता. "मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही मला कधी विचारलंत, काय पाहिलंस म्हणून?"

बगळ्याने भिंतीची काठी उचलून कोपऱ्यात ठेवली. म्हणाला, "सांगितलं तर मचाण जाईल."

"आणि नाही सांगितलं तर?"

"तर म्हातारा घरी जाईल आणि हात मांडीत घेऊन बसून राहील." हे बोलल्यावर त्याला एकदम कळलं की ज्या खुर्चीला तो एवढा भीत होता, तिच्यावर तो दुसऱ्याच माणसाला धरून बसवत होता, आणि तेही त्याचं काही गेलेलं नसताना. त्याला स्वतःची भयंकर लाज वाटली.

सकाळी उजाडताच तो काठी घेऊन घड्याळजीच्या दारात उभा राहिला.

"मी येत नाही म्हटलं होतं," म्हातारा आतून म्हणाला.

"मासा नाही धरायचा. मला बोलायचंय. आणि मला जमिनीवर नीट बोलता येत नाही."

यावर घड्याळजीने टोपी घातली.

उथळ पाण्यात आल्यावर बगळ्याने मोटार बंद केली आणि मचाणावर न चढता तो म्हाताऱ्यासमोर होडीत बसला.

"खाली बसलात? होडी गळतेय की काय?"

"नाही, साहेब. तुम्हाला सांगितलेले मासे नव्हते."

"कुठले?"

"पहिल्या दिवशीचा एखादा असेल. बाकीचे नव्हते. मला दिसत नाही. बरेच महिने झाले."

"परवा तो मोठा थवा? तुम्ही हळू, हळू म्हणत होतात तो?"

"तोही नव्हता."

घड्याळजीचा चेहरा लाल झाला. "मी रोज खोलीत आरशासमोर उभा राहून मनगट वळवत होतो, बगळेबुवा! कुठे चुकतंय ते शोधत होतो. या हाताला इतकं वाईट-साईट बोललो की तसं मी कुणा शत्रूला बोललो नाही. आणि तुम्ही मागे उभे राहून रिकाम्या पाण्यावर मला नाचवत होतात?" त्याने पाठ फिरवली. पाठ फिरवून जाणार कुठे, होडी ती केवढी. पण बसल्या जागी जेवढी फिरवता येईल तेवढी फिरवली.

बगळ्याला जे एकच बोलण्यासारखं वाटलं ते तो बोलला. "पण तुम्ही दर वेळी दिसला म्हणायचात. म्हणून मला वाटायचं, असेलही."

म्हाताऱ्याची पाठ तशीच राहिली. मग त्याचे खांदे हलायला लागले. रडतोय की काय म्हणून बगळा घाबरला, पण तो हसत होता.

"मला? मला कुठला दिसतोय! माझ्या नजरेच्या मधोमध भोक पडलंय. कडेकडेने दिसतं, समोरचं नाही. आता तुमच्याकडे बघतोय ना, तर मला तुमचे दोन कान दिसतात, तोंडाचा पत्ता नाही. दुकान का बंद केलं असं वाटलं तुम्हाला?"

"मग दिसला, दिसला का म्हणायचात?"

"तुम्ही एवढ्या प्रेमाने दाखवायचात. नाही कसं म्हणू? आणि वेळ आणि अंतर कळल्यावर मला मासा बघायची गरजच काय? मागची दोन वर्षं असेच तर पकडले."

आता बगळ्यालाही हसू फुटलं. दोन मोठी माणसं आठवडाभर रोज नटूनथटून जो मासा मारायला जात होती, तो दोघांपैकी एकालाही दिसत नव्हता, आणि दोघेही एकमेकांच्या भरवशावर होते. हसता हसता होडी डुलायला लागली.

हसणं ओसरल्यावर घड्याळजीने विचारलं, "मग माझा हात?"

"हात पहिल्यासारखाच आहे. माशी सांगितल्या जागी पडत होती. मला ऐकू येत होतं."

"हे तुम्ही म्हणता. कालपर्यंत तुम्ही थवेही म्हणत होतात."

हे बरोबरच होतं, आणि बगळ्याच्या जिव्हारी लागलं. एवढ्या वर्षांत त्याच्या शब्दावर कुणी शंका घेतली नव्हती.

"मला एक खरा मासा पाहिजे," म्हातारा म्हणाला. "एकच. नाहीतर माझा माझ्यावर विश्वास बसायचा नाही. तुमच्या घरात कुणाला दिसतं का?"

"बायकोला दिसतं. तिला सगळंच दिसतं."

"मग चला, घेऊन येऊ."

म्हणणं सोपं होतं. धक्क्यावर मॅनेजर होता, दुसऱ्या होड्यांचे वाटाडे होते, आणि परत आलेली होडी बघून सगळे जवळ आले. बगळा धुलाईघराच्या दारातून बायकोला घेऊन आला तेव्हा तिच्या कोपरापर्यंत साबणाचा फेस होता.

"हे काय चाललंय?" मॅनेजरने विचारलं.

बगळा बायकोला पुढे करून म्हणाला, "मला दिसत नाही. बघायचं काम आज ही करील, मी होडी ढकलीन." हे सगळ्यांसमोर मोठ्याने म्हणून झालं, आणि आभाळ काही कोसळलं नाही. एक वाटाड्या फिदीफिदी हसला, बाकीचे खाली बघायला लागले. मॅनेजर काही म्हणणार तोच घड्याळजी म्हणाला, "पाहुणा मी आहे, आणि मला याच होडीतून जायचंय. तुमचं जे काय असेल ते आल्यावर."

आता ही बाई काही अगदीच नवखी नव्हती. लहानपणी ओहोटीला याच उथळ पाण्यात ती शिंपल्या वेचायची, आणि काटेरी म्हणजे तिच्या लेखी शिंपल्या खाणारे चोर. चोरावर नजर ठेवायची सवय तिला होती. नवऱ्याला यातलं काही माहीत नव्हतं, कारण त्याने कधी विचारलं नव्हतं.

ती मचाणावर चढली. "हे हलतंय."

"हलतंच ते. गुडघे सैल सोड." बगळा स्वतः पाण्यात उतरला आणि कमरेशी होडी धरून चालत ढकलायला लागला.

घड्याळजीने तिला घड्याळ समजावलं. टोकाला बारा, उजवीकडे तीन, डावीकडे नऊ. तिने मान हलवली. थोड्या वेळाने ती ओरडली, "ते बघा, तिथे!"

"तिथे म्हणजे कुठे?" दोघं एकदम म्हणाले.

"अहो तिथे! तिथे हो!... गेला."

"हळू बोल," बगळा म्हणाला, "आणि वेळ सांग."

"वेळ बघू की मासा बघू? साहेब, तुम्ही असं करा. काठी सरळ समोर धरा. मी सांगते तशी फिरवा. आणि ते फूट-बीट मला जमायचं नाही. मला चादर कळते. मी चादरीत सांगीन."

"डबल की सिंगल?" घड्याळजीने गंभीरपणे विचारलं.

"डबल."

"उत्तम."

होडी पुढे सरकत राहिली. पाणी चढत होतं. बगळा तळ पायांनी चाचपत चालला होता. वाळू संपून गवत लागलं, गवत संपून पुन्हा वाळू लागली, आणि ती कुठली वाळू हे त्याला कळत होतं. त्याने होडी थांबवली. यायचे तर इथूनच येतील.

"आहेत," बायको श्वासाएवढ्या आवाजात म्हणाली. "तीन. काठी डावीकडे न्या. अजून. अजून थोडी. बास."

"अकरा," घड्याळजी पुटपुटला.

"पाच चादरी."

काठी मागे गेली, पुढे आली, परत मागे गेली. दोरी हवेत सुळसुळली. बगळ्याने डोळे मिटून घेतले आणि ऐकलं. माशी पडल्याचा आवाज इतका बारीक होता की तो ज्याला माहीत आहे त्यालाच ऐकू येतो. चांगली पडली होती.

"बरोबर पडली का?" म्हाताऱ्याने विचारलं.

"त्याच्या नाकासमोर. आता ओढा. हळू... त्याला दिसली... मागे येतोय... थांबा. थांबा हो! खाली वाकलाय, शेपटी वर... घेतली!"

घड्याळजीने डाव्या हाताने दोरी ताणली, आणि रीळ जे किंचाळायला लागलं ते थांबेचना. दोरी पाणी चिरत बगळ्याच्या गुडघ्याजवळून गेली. म्हातारा काही बोलत नव्हता, नुसता "अहाहा, अहाहा" करत होता. मासा एकदा लांब गेला, आणला, पुन्हा गेला, पुन्हा आणला. बायको मचाणावर उड्या मारत होती आणि खालून बगळा होडी गच्च धरून होता.

शेवटी घड्याळजी बुटांसकट पाण्यात उतरला. बगळ्याने हात भिजवून दोरीच्या कडेकडेने मासा शोधला आणि म्हाताऱ्याच्या हातात दिला. दोघांनी तो बोटांनी पाहिला. गार, टणक अंग, बारीक खवले, आणि आत धडधडणारं काहीतरी. घड्याळजीने अंगठ्याने आकडा असा सोडवला की माशाला कळलंही नसेल. मग तळवे उघडले.

"गेला," बायको वरून म्हणाली. "छान गेला."

घड्याळजी गुडघाभर पाण्यात आपला उजवा हात बघत उभा राहिला. म्हणजे जरा बाजूला बघत, कारण समोर त्याला तो दिसत नव्हता. त्याच्या डोळ्यांतून पाणी येत होतं आणि ते त्याने पुसलं नाही.

परत येताना त्याने बगळ्याला खोदून खोदून विचारलं. दिव्याभोवती कडी दिसतात का? उन्हात जास्त धुरकट होतं का? सगळंच पांढुरकं दिसतं का? बगळा हो, हो म्हणत गेला, आणि वडिलांच्या खुर्चीचंही त्याने सांगून टाकलं.

"माझ्या आतली चाकं झिजली, ती बदलून मिळत नाहीत," घड्याळजी म्हणाला. "तुमची नुसती काच गेलेली असेल, तर काच बदलता येते. मी काही डॉक्टर नाही. पण दाखवायला काय होतं?"

"आणि चाकंच गेलेली असली तर?"

"तर खुर्ची कुठे पळून चाललीय? पण बोलावणं यायच्या आधीच जाऊन बसू नका."

धक्क्यावर मॅनेजर वाट बघत होता. माणूस वाईट नव्हता, पण नियम नियमच. "डोळे दाखवून या. तोवर मचाण नाही. होड्या धुवायचं काम आहे, ते करा." बगळा "बरं" म्हणाला. बांबू त्याने दुसऱ्या वाटाड्याच्या हातात दिला, आणि कुठे धरायचा तेही सांगितलं. बायको शेजारी उभी होती. तिने सगळ्यांसमोर त्याचा दंड धरला आणि दवाखान्याचा दिवस मॅनेजरकडून तिथल्या तिथे रजेचा म्हणून मागून घेतला.

दुपारी घड्याळजीने जेवणघरातलं घड्याळ खाली काढायला लावलं. टेबलावर रुमाल अंथरला, मागचं झाकण उघडलं, डोळे मिटले आणि बोटांच्या टोकांनी आत काहीतरी केलं. ते चालायला लागलं. मग तो बगळ्याला म्हणाला, "माझी काठी परत द्या. पुढच्या वर्षी लागेल." बगळ्याने ती पळत जाऊन आणली. दिलेली वस्तू परत मागितली म्हणून एवढा आनंद झालेला माणूस रिसॉर्टने पाहिला नव्हता.

संध्याकाळी बगळा घरी आला, पांढऱ्या पट्ट्यावर पाय ठेवून चढला, आणि स्वयंपाकघराच्या दारात उभा राहिला.

"आज काय पाहिलंस?" त्याने विचारलं.

बायकोने मागे वळूनही पाहिलं नाही. "पाणी," ती म्हणाली.

तो हसला. मग हसायचा थांबला, पण तिथून हलला नाही. "सांग ना."

तिने गॅस बारीक केला. "सगळं सांगू?"

"सगळं."

"मासा सोडला ना, त्यानंतरचं. तुम्ही दोघं खाली रडत होतात तेव्हा. आधी मला वाटलं वाळूच सरकतेय. मग बघते तर एक भला मोठा, चपटा, पंखांसारखं काहीतरी हलवत अगदी शांत चालला होता, आणि त्याच्या मागे मागे एक काटेरी."

"पाकट," तो म्हणाला. "ती वाळू उकरते आणि हा मागून उष्टं वेचतो. किती वाजता?"

तिने विचार केला. "दोन."

"लांब?"

"तीन चादरी."

बगळ्याने डोळे मिटले.

"दिसला," तो म्हणाला.